पंधरावा उजवा हात

सोमवारी दुपारी चौदावा उजवा हात तुटला. तुटला तोही नेहमीच्याच जागी, मधल्या बोटाच्या मुळाशी, आणि नेहमीच्याच वेळी, चाळिसाव्या चित्राच्या आसपास. बाहुल्या हलवणाऱ्या उरिएलने तो बशीत घालून आणला आणि लेओकादियाच्या टेबलावर आदळला. हात केवढा, तर भुईमुगाच्या शेंगेएवढा.

"दोन्या लेओ, हाही गेला. तुम्ही तार बदलता की तीच तीच घालता?"

"तू बोट वाकवतोस की मुरगळतोस रे पोरा?"

"मी बाहुलीकडून अभिनय करून घेतो."

"मग अभिनय जरा हळू कर," असं म्हणून लेओकादियाने भिंग डोळ्याला लावलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भिंगातून बघणाऱ्या माणसाला ओरडता येत नाही. हा या धंद्याचा एक तोटा.

ग्वादालाहारा शहरातल्या त्या बाहुल्यांचे सिनेमे करणाऱ्या कारखान्यात लेओकादिया बाराखासला तीन वर्षं झाली होती. सगळे तिला दोन्या लेओ, म्हणजे लेओबाई, म्हणत. त्याआधीची एकोणीस वर्षं तिने एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवल्या. मग दात संगणकावर व्हायला लागले, वैद्याने हात जोडले, आणि बावन्नाव्या वर्षी बाई बाहुल्यांकडे आली. माणसाचा जबडा सोडून बाहुलीचा पंजा. साहित्य तेच, फक्त आता गिऱ्हाईक टोचतंय म्हणून तक्रार करत नव्हतं. तक्रार करायला उरिएल होता.

बाहुल्यांचा सिनेमा म्हणजे बाहुली केसभर हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला बारा चित्रं. अडकलेलं दृश्य होतं सहा सेकंदांचं. तोमासा नावाची म्हातारी बाहुली चुलीपुढे बसून तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, थापते. चेहरा नाही, चूल नाही, पडदाभर नुसते दोन हात. मध्येच हात तुटला की नवा लावून पुढे जाता येत नाही, कारण नवा हात जुन्याशी केसभरही जुळला नाही तर पडद्यावर टुणकन उडी दिसते. म्हणून पुन्हा पहिल्या चित्रापासून. तीन आठवडे हेच चाललं होतं.

लेओकादियाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? तार जाड केली, तर वाकवलेलं बोट परत सरळ व्हायला लागलं. बारीक केली, तर विसाव्यालाच तुटली. दुहेरी पिळली, तिहेरी पिळली, मुळाशी नळी बसवली. एकदा तर तिने तारेला धमकीसुद्धा दिली. शेजारच्या टेबलावर बाहुल्यांचे कपडे शिवणारा फिदेन्सियो हसता हसता बोटाला सुई टोचून घेऊन बसला.

त्याच संध्याकाळी दिग्दर्शिका रेनाता आली. ती कधीच ओरडत नसे, म्हणून तिची जास्त भीती वाटायची.

"दोन्या लेओ, शुक्रवारी तोमासाच्या देखाव्याचं टेबल मोडायचंय. पुढच्या देखाव्याला जागा हवी. तोवर नाही जमलं तर आपण तोमासाला पाठमोरी दाखवू. नुसती पाठ हलताना. कळतं लोकांना."

"आणि हात?"

"हात दिसणार नाहीत, मग तुटायचा प्रश्नच नाही."

रेनाताला वाटलं, बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. लेओकादियाला मात्र भर चौकात कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तिच्या कवळ्या चांगल्या होत्या, म्हणजे कुणाच्या लक्षातच येत नसत. तीन वर्षांत तिने दोनशेवर हात केले, तेही कुठे कपाच्या मागे, कुठे बाहीत निम्मे, कुठे अंधारात. पडद्यावर तिचं काम, आणि फक्त तिचंच काम, असे हे सहा सेकंद होते. आयुष्यात एकदा तरी लोकांनी ते बघावं असं तिला वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नव्हतं.

मंगळवारी तिने उरिएलच्या खनपटीला बसून तुटेपर्यंतची चाळीस चित्रं पडद्यावर फिरवून घेतली. एकदा, दोनदा, सहादा. बोटं वाकत होती, उघडत होती, पुन्हा वाकत होती. काहीतरी खटकत होतं.

"ही तोर्तिया नाही थापत," ती शेवटी म्हणाली. "ही कुणाच्या तरी लग्नात टाळ्या वाजवतेय."

"तुम्ही थापता वाटतं घरी?"

लेओकादियाच्या घरी तोर्तिया यंत्रावर केलेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोने यायच्या, कागदात गुंडाळून, गरम. फिदेन्सियोच्याही. रेनाताच्याही. राजधानीतून आलेल्या या उरिएलच्या तर विचारूच नका. त्या इमारतीत तिन्ही वेळ तोर्तिया खाणारी साठ माणसं होती आणि हाताने थापणारं एकही नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला माहीत आहे. तीन आठवडे ती तारेला शिव्या देत होती, आणि उठून बघून यावं हे तिलाही सुचलं नव्हतं. उरिएलपेक्षा स्वतःचाच राग आला तिला, आणि तो जास्त झोंबला.

दुपारच्या सुट्टीत ती अनाल्कोच्या बाजारात गेली. कोपऱ्यात मातीच्या तव्यामागे दोन्या प्राक्सेदिस बसायची, पंचेचाळीस वर्षं त्याच पाटावर. लेओकादिया तिच्या हातांकडे टक लावून उभी राहिली.

"घ्यायच्यात की नजर लावायचीय?" प्राक्सेदिस म्हणाली.

"अर्धा डझन द्या. पण सावकाश."

"सावकाश थापली तर फाटते. शहरातली दिसतेस."

"इथलीच आहे हो, दोन गल्ल्या सोडून."

"तेच म्हणते मी."

पिठाचा गोळा या तळव्यावरून त्या तळव्यावर जात होता, दर वेळी थोडा फिरत. आणि बोटं? बोटं वाकतच नव्हती! चारी बोटं एकमेकांना चिकटून, सरळ, एखाद्या पानासारखी. हलत होतं ते मनगट, आणि त्यामागे कोपरापर्यंतचा सगळा हात. लेओकादियाने अर्ध्या डझनाचे दीड डझन केले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

बुधवारी आणि गुरुवारी तिने नवे दोन्ही हात केले. बोटांत तार घातलीच नाही. आत कवळीचं कडक प्लास्टिक, वरून मऊ कातडी, चारी बोटं जोडलेली. सगळी हालचाल मनगटातल्या पोलादी गोळीच्या सांध्यावर सोपवली. शुक्रवारी सकाळी उरिएलने ते हात चिमटीत धरून पाहिले आणि त्याचा आवाज चढला.

"ही फावडी आहेत! बोटंच काढून घेतलीत तुम्ही माझी! यांच्याकडून अभिनय कसा करून घेऊ?"

"नको करून घेऊस. मनगट फिरव आणि गोळा फिरव. बोटांना हात लावलास तर याद राख."

"रेनाताला सांगेन मी."

"सांग. आणि हेही सांग, की बाजारातल्या दोन्या प्राक्सेदिसना पंचेचाळीस वर्षांत बोट वाकवायची गरज पडली नाही."

तो धुसफुसत गेला. चाळिसावं चित्र सुखरूप पार पडलं तेव्हा फिदेन्सियो उरिएलच्या टेबलाकडून येऊन लेओकादियाला म्हणाला, "अजून आहे." साठाव्याला म्हणाला, "अजून आहे." संध्याकाळी सहाला बहात्तर चित्रं पुरी झाली. लेओकादिया दिवसभर तिकडे फिरकली नव्हती. तिचा धीरच झाला नाही.

शनिवारी सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. सहा सेकंद. दोन हात, मध्ये गोल होत जाणारी तोर्तिया. आणि टाळ्या.

"उरिएल," रेनाता म्हणाली, "काय बोटं बोलतात रे! इतकं बारीक काम मी आजवर पाहिलं नाही."

बोटांत काही नव्हतं. नुसतं कवळीचं प्लास्टिक. लेओकादियाने उरिएलकडे पाहिलं. उरिएलने बुटांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "थँक यू." लोक त्याची पाठ थोपटू लागले. ती उठली, पिशवी घेतली आणि बाहेर पडली. रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही संताप येत होता.

बसथांब्यावर तिचा फोन वाजला. सिनेमाची चित्रं बाहेर पाठवायला सक्त मनाई होती, नोकरी जाऊ शकत होती. तरी उरिएलने ते सहा सेकंद पाठवले होते. खाली एवढंच: "बाजारातल्या बाईंना दाखवा. मला तिथे बोलायला जमलं नाही." तिने दोन शिव्या हासडल्या आणि बस सोडून अनाल्कोची वाट धरली.

प्राक्सेदिसने थापता थापताच मान वाकवून फोनात पाहिलं. "पुन्हा लाव," म्हणाली. लेओकादियाने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मात्र म्हातारीचे हात थांबले.

"कुठल्या गावची गं ही?"

"का?"

"लहानपणापासून थापत असली पाहिजे. हात सांगतात." तिने गोळा पुन्हा उचलला. "फक्त तोर्तिया जाड करते. सांग तिला."

सिनेमातली तोर्तिया कारखान्याच्या दुसऱ्या विभागाने केली होती. लेओकादिया इतक्या जोरात हसली की शेजारचा मिरच्यावाला दचकून बघू लागला.

"सांगते," डोळे पुसत ती म्हणाली, आणि पाटाशेजारच्या उलट्या बादलीवर बसून तिने एक गरम तोर्तिया मीठ लावून मागितली.