उंबऱ्याबाहेरून सांगितलेली कमांड

"तू तिथंच थांब. बाहेरूनच सांग, मी टाइप करतो."

सर्व्हरच्या खोलीचा उंबरा. मी बाहेर, सर आत खुर्चीवर. मशीनला सकाळीच हळदकुंकू लावलेलं, शेजारी तांब्याच्या गडूत गंगाजल. "पूजा झालीय गं, उगाच ओवळा हात कशाला?" असं हसत म्हणाले. हसत! शिवी दिली असती तर परवडलं असतं.

सर म्हणजे आमच्या संस्थेतल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. रामघाटावरचं मराठी घर, चार पिढ्या बनारसात. मी नागपूरहून नोकरीला आले तेव्हा केवढे खूश! "अगं, आपलीच मुलगी आली!" आठवडाभर आपलीच होते. मग आडनाव कळलं, वस्ती कळली, आम्ही बौद्ध हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून हा उंबरा. चहावाला आत जायचा. वायरमन चिखलाच्या पायांनी जायचा. मी मात्र दारात. आणि मी वर्षभर मुकाट ऐकून घेतलं, त्याचाच राग आजही जास्त येतो. नोकरी तीन-तीन महिन्यांची होती, मुदत वाढवायला त्यांचीच सही लागायची.

त्या दिवशी इंटरनेटची बाहेरची लाइन कधी लागे, कधी तुटे. दुपारी दिल्लीचे लोक तिथूनच आमचं मशीन तपासणार होते. आमच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं. एकाला जगाला दिसणारा पत्ता, दुसऱ्याला फक्त इमारतीतल्या कॉम्प्युटरांपुरता खाजगी पत्ता. सरांनी दोन्ही कार्डांना गेटवे देऊन ठेवला होता, म्हणजे बाहेर पडायची वाट. आतल्या कार्डाला बाहेर वाटच नव्हती. दिल्लीला जायचं उत्तर तिकडून निघे आणि इमारतीतच मरे. लाइन कशी तुटतेय त्यावरूनच दारात उभ्या उभ्या मला हे कळलं होतं.

"सर, आतल्या कार्डाचा गेटवे काढा. आतल्या."

"कळतं मला. शिकवू नकोस."

मशीनची स्क्रीन मला दिसत नव्हती. त्यांची पाठ दिसत होती. खाटखुट झालं, आणि होती नव्हती ती लाइनही गेली.

संचालक धावत आले. "किसने किया ये?"

सर वळलेसुद्धा नाहीत. "जैसा इसने बताया, वैसा ही किया, सर. ऐसे लोगों को रखेंगे तो यही होगा."

चोराच्या उलट्या बोंबा! लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. ते कुणाला आठवायचं नव्हतं.

"माफीनामा लिखो," संचालक मला म्हणाले. "नहीं तो कल से मत आना."

कोरा कागद आणि पेन पुढे आलं. अंगाची लाहीलाही झाली. माझी आई लोकांची भांडी घासायला मागच्या दारानं जायची. मला म्हणायची, "तू पुढच्या दारानं जाजो, माय." आणि मी एवढं शिकून इथं दारातच उभी.

पेन खाली ठेवलं. चपला न काढता उंबरा ओलांडला.

"अगं अगं, काय करतेस!"

"उठा. खुर्ची द्या."

अंगाला अंग लागेल म्हणून ते टुणकन उठले. त्यांच्या सोवळ्यानं पहिल्यांदाच माझं काम केलं.

त्या मशीनवर मारलेली प्रत्येक कमांड टिपलेली राहते. ती यादी उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. गेटवे काढला होता बाहेरच्या कार्डाचा. मी तो परत दिला, आतला काढला. दोन ओळींचं काम. दिल्लीहून उत्तरं यायला लागली.

"चलो, ठीक हो गया," संचालक म्हणाले. संपलं. माफीनामा माझा हवा होता, सरांचा नको. सरांनी गडू उचलला आणि खुर्चीवर, कीबोर्डवर पाणी शिंपडलं. माझ्यादेखत.

आठवड्यानं लाइन पुन्हा गेली. सर माझ्या टेबलापाशी आले. आवाज मऊ. "अगं, जरा दारातून सांगतेस का?"

"नाही सांगत."

"मुदत संपतेय तुझी. सही माझी लागते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ठेवा तुमची सही."

सही झाली नाही. महिन्याअखेर मी घरी. पश्चात्ताप? मुळीच नाही. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी कामं केली. कुठंही गेले की आधी सांगते, खुर्चीवर मी बसणार, कीबोर्ड माझ्या हातात राहणार. चुकलं तर चूक माझ्या नावावर लिहा. पण दारात उभं राहून माझी अक्कल मी यापुढे कुणाला देणार नाही.