सात नंबरचा दगड

शाळेच्या प्रयोगशाळेत मामांच्या परवानगीशिवाय माशीसुद्धा तराजूवर बसत नसे. हुद्दा परिचराचा, पण रुबाब असा की नवीन शिक्षक आधी मामांना नमस्कार करत आणि मग मुख्याध्यापकांना. तेहतीस वर्षांत एक टाचणी हरवली नाही की एक नळी फुटली नाही, हे मामा दिवसातून निदान दोनदा सांगत. ऐकायला कुणी नसलं तर कपाटाला सांगत.

येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. मुख्याध्यापकांनी निरोपाचं भाषण लिहून ठेवलं होतं, त्यात ती टाचणीही होती आणि ती नळीही. मामांनी ते भाषण चोरून दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना ते थोडं आखूडच वाटलं.

बुधवारी नववीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोग नेहमीचाच, दगडाची घनता काढायची. दगड तराजूवर तोलायचा, दोरा बांधून मोजपात्रातल्या पाण्यात सोडायचा, पाणी किती चढलं ते बघायचं आणि भागाकार करायचा. मुलं मात्र हा रस्ता उलट्या बाजूनं चालत. कुठल्या नंबरच्या दगडाचं उत्तर काय, हे थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे केव्हाच पोचलेलं असे. उत्तर आधी लिहायचं आणि मग त्याला शोभतील असे आकडे वरच्या रकान्यांत भरायचे. दगड बिचारे वर्षानुवर्षं कोरडेच राहत.

सात नंबरचा दगड नेमका शंकेखोरच्या वाट्याला आला. हे नाव मामांनीच ठेवलेलं. पाणी काचेच्या कडेला वर का चढतं, दोऱ्याचं आकारमान वजा करायचं का, असलं काहीबाही विचारून त्या मुलीनं वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"अगं, दोन पॉइंट नऊ?" विज्ञानाच्या बाईंनी तिची वही उचलली. "सात नंबरचं उत्तर दोन पॉइंट सहा आहे. कुठेतरी चुकलीस."

"बाई, मी दोनदा केलंय."

"मग तिसऱ्यांदा कर. इतकी वर्षं सगळ्यांचं दोन पॉइंट सहा येतं, तुझंच बरं वेगळं! पुन्हा चुकलं तर शून्य देईन हं."

तिनं तिसऱ्यांदा केलं. सत्त्याऐंशी ग्रॅम. पाणी पन्नासवरून ऐंशीवर. पुन्हा दोन पॉइंट नऊ. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "लिही ना गप दोन पॉइंट सहा!" शंकेखोरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आकडा काही तिनं खोडला नाही.

कपाटाआड बाटल्या पुसत असलेल्या मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. अकरा वर्षांपूर्वी सात नंबरचा दगड त्यांच्याच हातून फरशीवर पडला होता आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले होते. कुणी पाहिलं नव्हतं. मामांनी तुकडे कागदात गुंडाळून खालच्या खणात, जुन्या फडक्यांखाली दडवले, फाटकाजवळून तेवढाच एक दगड उचलून आणला आणि त्यावर ऐटीत सात काढला. पहिल्या परीक्षेला ते प्रत्येकाच्या वहीत डोकावत फिरले होते. सगळ्यांचं उत्तर दोन पॉइंट सहा आलेलं पाहिल्यावर त्यांचा घोर मिटला, तो कायमचाच.

आता मामांना त्या पोरीचा मनापासून राग आला. अकरा वर्षं कुणाला दगड भिजवावासा वाटला नाही, आणि हिला भाषणाच्या तीन दिवस आधीच बरा भिजवावासा वाटला!

शंकेखोरनं चौथ्यांदा दगड पाण्यातून काढला. तराजूवर ठेवण्याआधी आपल्या रुमालानं तो नीट, सगळ्या बाजूंनी पुसला. ओला दगड तराजूवर ठेवू नका, असं मामा तेहतीस वर्षं प्रत्येक वर्गाला ओरडून सांगत आले होते. ते ऐकणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांना एकदम फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली.

"बाई," मामा पुढे आले, "पोरीचं बरोबर आहे. दगडच खोटा आहे."

त्यांनी खणातली पुडी आणून टेबलावर सोडली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनीही तो दगड कधी मोजला नव्हता, कपाटाच्या दाराला चिकटवलेला जुना तक्ताच वाचला होता. त्यांनी वहीवर पूर्ण गुण दिले.

शंकेखोरनं तेवढ्यात एक तुकडा तराजूवर चढवलाही होता. एकोणचाळीस ग्रॅम. पाणी पन्नासवरून पासष्टवर.

"दोन पॉइंट सहा!" ती म्हणाली आणि मामांकडे बघतच राहिली. "मामा, मग यातलाच एक तुकडा ठेवायचा होता की. दगड फुटला तरी घनता तीच राहते."

मामा मटकन स्टुलावर बसले. हा प्रयोग त्यांनी तेहतीस वर्षं मांडला होता, पुसला होता आणि कपाटात ठेवला होता.

"हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मामांनी सामानाचं रजिस्टर काढलं, चष्मा चढवला आणि सावकाश लिहिलं, 'दगड क्रमांक सात. माझ्या हातून फुटला.' शंकेखोर खांद्यावरून वाकून वाचत होतीच.

"पुढे 'घनता कायम' असं पण लिहा ना, मामा."

मामांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, आणि तेही लिहिलं.