माय मेलेलं करडू अन् आज निघालेली पिलं

माय मेली की करडू जगत न्हाई, हे मला पुन्हा सांगू नको दादा. काल फोनवर तेच, आज गावाच्या ग्रुपवर बी तेच! आपली शेळी व्यायली अन् मेली, मलाही वाईट वाटलं. पण म्हणून करडू खाटकाला द्यायचं काहून?

गाववाल्यांनो, आज सकाळी काय पाहिलं ते ऐका. मी इथं केरळात समुद्री प्राण्यांच्या प्रयोगशाळेत टाक्या धुतो. एका टाकीत आठ हातांची ऑक्टोपस होती. तिनं अंडी घातली अन् खाणंच सोडलं. रात्रंदिवस अंड्यांवर पाण्याची फुंकर मारत बसायची. अंडी फुटायच्या आधीच ती मेली.

मी प्रयोगशाळेच्या मॅडमला म्हणलं, "संपलं आता."

त्या म्हणल्या, "संपलं कसं? आता तू फुंकर मार."

मग अंड्यांचे घोस समुद्राच्या पाण्यात टांगले, खालून नळीनं बारीक बुडबुडे सोडले. नळी चोंदू न देणं माझं काम.

आज पिलं निघाली! तांदळाच्या दाण्याएवढी, काचेसारखी आरपार. मी वाकलो तर अंगभर तपकिरी ठिपके उमटले अन् लगेच गायब. माय पाहिली न्हाई, तरी भिऊन रंग बदलता येतो. माझ्या अंगावर काटाच आला.

गावात कुणाची शेळी नुकतीच व्यायली हाय का? तिचंच दूध करडाला चोळलं तर वासानं आपलंच समजून चाटंल, पाजंल. तोवर दादा, तू बाटलीनं पाज. दुधासाठी पाचशे रुपये पाठवून राहिलो.