राणीची चाल आणि बोर्डाचा निकाल

माझी नेमणूक नंदुरबारला झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात. मी सैन्याच्या महिला सहायक तुकडीत कॉर्पोरल होते. वय एकवीस. काम टायपिंग, फायली आणि दुभाष्याचं. रेल्वे स्टेशनापासून दीड मैलावर घोड्यांचा तात्पुरता कॅम्प होता. सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेली घोडी तिथे तयार करून पूर्वेच्या आघाडीवर पाठवत.

इरा, तुझ्या क्लबातल्या घोड्याची पाठ आखडली आणि सांधे बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरने नुसत्या हातांनी ती मोकळी केली, असं तू फोनवर सांगितलंस. "आजी, तेव्हा तुमच्याकडे असलं काही नसेल ना?" असंही विचारलंस. होतं. कॅम्पजवळच्या कोरीट गावात होतं. नील आणि तू, दोघा नातवंडांसाठी हे लिहिते.

पहाटे पाचला तबेले साफ. सहाला घोड्यांची कवायत. नऊला आजारी जनावरांची परेड. कॅम्पची जागा ज्याने निवडली त्याला मी कधी भेटले नाही, हे त्याचं नशीब. शेजारी मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या होत्या. वारा पश्चिमेचा सुटला की साठ घोडी एकदम शिंकत. आमचे व्हेटरिनरी कॅप्टन विलायतेहून नुकतेच आले होते. त्यांनी साथीचा रोग ठरवून सगळा कॅम्प तीन दिवस बंद ठेवला. मिरचीचं कारण मी दोनदा लेखी दिलं. दोन्ही कागद "पाहिले" असा शेरा घेऊन परत आले.

राणी ही सहा वर्षांची लाल घोडी. तिच्यावर दफेदार हणमंत साळुंखे यांचा जीव होता. साताऱ्याकडचे, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. सैन्याच्या नियमाप्रमाणे घोडीने दुडक्या चालीने, म्हणजे ट्रॉटने, पळायला हवं. राणी तशी पळेना. दफेदारांनी महिनाभर लगाम आवळून, टाच मारून तिला रोज दोन तास ट्रॉट शिकवला. महिन्याने तिच्या पाठीवर खोगीर ठेवलं की ती खाली बसू लागली. मागचा उजवा पाय ओढू लागली. औषधं झाली, शेक झाले, फरक पडेना.

कॅप्टननी मला मजकूर सांगितला. घोडी निकामी, शनिवारी सकाळी सात वाजता बोर्डापुढे, म्हणजे तीन अधिकाऱ्यांच्या समितीपुढे, आणावी, बोर्डाने मान्य केल्यास गोळी घालावी. मी टाइप केला. दफेदार दारात उभे होते.

"बाई, कोरीटला एक हाडवैद्य हाय म्हनत्यात. जनावरांचाबी करतो."

"मग आणा."

"त्याची बोली मला कळंना, माझी त्याला."

मी जवळच्या शहाद्याची. मी अहिराणीत निरोप पाठवला. रविवारी पाठवला, हाडवैद्य ओंकारआबा आले बुधवारी. मी विचारलं, इतका उशीर का?

"कपाशी निंदी ऱ्हायंतू, माय. घोडी कोठे पळी जास का?"

"पळता येत नाही म्हणूनच बोलावलं ना!"

कॅप्टन म्हणाले, "शनिवारपर्यंत तिच्यावर हवे ते उपाय करा."

आबांनी दोन खोकी एकावर एक ठेवली आणि वर चढले. मानेपासून शेपटीपर्यंत दोन्ही अंगठे सावकाश फिरवले. खोगिराच्या मागच्या कडेखाली राणीने अंग चोरलं.

"आठे शे," आबा म्हणाले, म्हणजे इथेच आहे. मग दफेदारांकडे बोट. "त्या मिशीवाल्याले इचार, हिले दुडक्या चालवर कोनी दामटं?"

मी विचारलं.

"मीच. हुकूम हाय तसा."

"त्याले सांग, तूच तिनी पाठ मोडी."

हे मी जरा सौम्य करून सांगितलं. दफेदारांना चेहऱ्यावरून सगळं कळलं होतं.

आबांनी शेपटी धरून अंगाचा भार मागे टाकला आणि शंभर आकडे होईपर्यंत तसाच ठेवला. मग खोक्यावर चढून कोपर त्या जागी टेकवलं, दफेदारांना मागचा पाय उचलायला लावला आणि एकदाच दाबलं. खट् असा आवाज आला. राणीने मान खाली सोडली, मोठा श्वास टाकला आणि रिकामंच तोंड हलवत चघळायला लागली. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"आठ दिन खोगीर टाकानं नही. सकाय-संध्याकाय नदीना रेतीम्हा चालावा. एरंडाना पानना शेक. बस."

बुधवार अधिक आठ म्हणजे पुढचा गुरुवार. बोर्ड शनिवारी. आबांना सांगितलं तर म्हणाले, "बोर्डले सांग, थांब म्हना." बोर्डाला थांब म्हणायची माझी लायकी नव्हती. मी नोकरीत एकच कागद मुद्दाम चुकीच्या फायलीत ठेवला, तो राणीचा. शनिवारी बोर्डाला तो सापडला नाही. मला लेखी ताकीद मिळाली. राणीला पुढच्या शनिवारपर्यंत आणखी सात दिवस मिळाले.

आबा येऊन गेले त्या बुधवारपासूनच दफेदार तिला रेतीत हाताने धरून चालवत. चौथ्या दिवशी पाय ओढणं थांबलं. सहाव्या दिवशी ते खोगीर घेऊन निघालेले मी पाहिले.

"दफेदारसाहेब, आठ दिवस!"

"बाई, नुसतं ठिवून बघतो."

"ठेवून बघितलंत तर मीच रिपोर्ट करीन."

खोगीर परत गेलं. त्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

पुढचा शनिवार, सकाळी सात. मेजरसाहेब, कॅप्टन आणि आणखी एक अधिकारी. निकाल ऐकायला आबा न बोलावता आले होते. दफेदार स्वार झाले. राणी निघाली, ताठ आणि सरळ. पण ट्रॉट नाही. एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर, मग दुसऱ्या बाजूचे. आमच्याकडे हिला रेवाल चाल म्हणतात. सारंगखेड्याला घोडी याच चालीवर विकली जाते. महिनाभर आम्ही जी मोडायला गेलो ती हीच.

"लंगडी आहे," कॅप्टन म्हणाले. मेजरांनी पेन उघडलं.

मी म्हणाले, "सर, ती लंगडी नाही. तिची चालच तशी आहे."

"कॉर्पोरल, तुम्ही व्हेट आहात?"

"नाही सर. शहाद्याची आहे."

कोणीतरी हसलं. एवढ्यात आबा तांब्या काठोकाठ भरून पुढे आले. "माय, सायबले सांग. लंगडी घोडीवर पानी ऱ्हास का?"

मी सांगितलं. मेजरांनी मान हलवली. दफेदारांनी एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तांब्या घेतला. शंभर यार्ड गेले, वळले, त्याच रेवाल चालीने भरधाव आले. तांब्या मेजरांपुढे धरला. पाणी अजून काठोकाठ होतं.

मेजरांनी "फिट" लिहिलं. कॅप्टननी माझ्याकडून फाइल घेतली आणि सुधारणेचं कारण "विश्रांती" असं नोंदवलं. आबांचं नाव घालावं असं मी सुचवलं. शेरा आला, "पाहिले."

ते फिटचं पत्रक मीच टाइप केलं. तीन आठवड्यांनी राणी आणि दफेदार मालगाडीने पूर्वेला गेले.

पुढच्या वर्षी कॅम्प बंद होत असताना आबा फाटकाशी आले.

"मन्ही घोडी कशी शे?"

बातमी मला त्याच महिन्यात एका परतलेल्या रिसालदारांकडून कळली होती. नदीच्या उतारावर दफेदार राणीवरून एका जखमी जवानाला मागे आणत होते. तोफेचा गोळा जवळ पडला. जवान वाचला. दफेदार आणि राणी वाचले नाहीत. मी आबांना सांगितलं.

"मिशीवाला बी?"

"तेही."

आबा फाटकापाशी उकिडवे बसले. त्यांनी विचारलं, "तिनी पाठ दुखी ऱ्हायंती का?"

"नाही आबा. जखमी माणसाला जराही धक्का लागला नाही, इतकी नीट चालत होती म्हणे."

"मंग बरं," ते म्हणाले आणि उठले.