नणंदेची काच

माझी नणंद काचा पुसते. आठवडाभर उंच इमारतींवर दोराला लटकून, पगार घेऊन. आणि रविवारी आमच्या घरी, फुकट, माझं डोकं खायला. कामावर तिला सगळे 'चकाचक' म्हणतात आणि बाईसाहेबांना ते आवडतं, यावरूनच काय ते ओळखा.

आमच्या मागच्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. आईला बाग दिसावी म्हणून नणंदेनेच त्यांच्या पलंगासमोर मोठी काच बसवून घेतली. आईसाठी केलेलं एवढं एकच काम, पण तोरा असा, जणू बागही हिनेच लावली! काच पुसून झाली की ती बाहेर उभी राहून तिच्यात बघून भांग पाडते. भांग स्वच्छ दिसला तरच तिचं काम झालं. तिला भांग दिसतो आणि चिमण्यांना दिसतं बागेतलं झाड. बिचाऱ्या सुसाट येतात आणि धाडकन आपटतात. सासूबाई दरवेळी दचकतात.

मी बाहेरून पांढरे ठिपके चिकटवले, मधून तळहातही जाणार नाही इतके जवळजवळ. रविवारी नणंद आली ती ब्लेड काढूनच.

"काचेला गोवर आलाय का गं?"

"ताई, पाखरं मरतात."

"मला काचेतलं शिकवू नकोस."

सगळे ठिपके खरवडले. मग उपकार केल्यासारखा कागदी ससाणा आणून चिकटवला, तोही आतून! बाहेरून लावला तर पुसताना आड येतो ना. बाहेरून काचेत आपलं झाडच दिसत होतं. मी पुन्हा ठिपके लावले, तिने पुन्हा काढले. या सगळ्यात माझा नवरा पेपर वाचत होता.

एका सकाळी चिमणी आपटली, पण लगेच मेली नाही. खालच्या फरशीवर तडफडत राहिली, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. मी धावत पोचेपर्यंत संपलं होतं.

"पडदा लाव," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

रविवारी नणंद पडदा बघून माझ्यावरच घसरली. "आईची एवढी एक करमणूक, तीही तुला बघवली नाही?"

"आईंनाच विचारा."

तिने विचारलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुझी काच तुझ्या घरी घेऊन जा."

नणंद बाहेर गेली. माझी धुण्याच्या साबणाची वडी उचलली आणि त्या लखलखीत काचेवर वरून खालपर्यंत रेघा ओढू लागली. जवळजवळ, एकही कोपरा न सोडता. मला ती बाई आवडत नाही, आजही नाही. पण तेव्हा तिच्याकडे बघवेना.

आता एकही पाखरू आपटत नाही. दर रविवारी ती येते, पुसट झालेल्या रेघा पुन्हा ओढते आणि मागच्या दारातून मला विचारते, "पडदा उघडायला सांगितला का?"

"नाही," मी म्हणते.

ती आत न येताच निघून जाते.