मटामावरचं गवत

मैंदर्गीजवळ रोजगार हमीच्या पाझर तलावावर मी मापं घ्यायचो. मजुरी खड्ड्याच्या खोलीवर मिळे. ती खोली मोजता यावी म्हणून मधोमध मूळ जमिनीचा एक उंचवटा न खणता ठेवत; त्याला मटाम म्हणत. काही जण त्यावर माती थापून खोली वाढवायचे. एका बाईच्या मटामावर मात्र गवताचा झुपका असायचा. ती त्याला आपल्या तांब्यातलं पाणी घालायची आणि टेपचं टोकही स्वतःच धरायची.

"गवात हाय तवर वरनं माती टाकली म्हनायची कुनाची टाप हाय?" हे दर मापाला ऐकवायची.

तलाव पुरा झाला. मटाम फोडण्याआधी तिनं तो झुपका मुळासकट उचलला, बांधावर लावला आणि त्यालाच दटावलं, "तिथलं काम संपलं तुजं. आता हितं माती धरायची."