बाभळीवरची चप्पल

एथ्नोग्राफी हा शब्द मला भेटला तो मेंढरांच्या धुळीत. नव्वदीच्या शेवटाकडे पुण्याहून एक संशोधक बाई धनगरांवर प्रबंध लिहायला जवळा बाजारला आल्या आणि मी, गावातला बेकार पदवीधर, त्यांचा वाटाड्या झालो. कापूस निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. कलतं ऊन, लोकरीचा वास, मधूनच वाजणारी एखादी घंटा. आपण जागे आहोत की नाही, तेच कळेना.

"मूळ ग्रीक," बाई सांगत होत्या. "एथ्नोस म्हणजे लोक, ग्राफीन म्हणजे लिहिणं. फार पूर्वी एथ्नोस पाखरांच्या, मधमाश्यांच्या थव्यालाही म्हणत."

"मंग आमची मेंढरं बी आली की त्याच्यात!" म्हातारी धनगरीण म्हणाली आणि कोकरांमागे गेली.

तेवढ्यात बाईंना बाभळीवर टांगलेली एक चप्पल दिसली. "ही कशाला?"

मला ठाऊक नव्हतं. पण समोर श्रोता असताना गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी आवाज खाली आणला. "मॅडम, तिचं तोंड मेंढवाड्याकडं आहे बघा. चुकलेलं मेंढरू तिच्या रोखानं परत येतं."

बाईंनी अख्खं पान लिहिलं. निघताना वही छातीशी धरून म्हणाल्या, "यातलं एक पान खोटं निघालं, तर माझ्या सगळ्या प्रबंधावर कोण विश्वास ठेवील?"

झालं! एसटी थांब्यापर्यंत कसाबसा तग धरला, मग कबूल केलं. बाई तडक मागे फिरल्या.

"काहून टांगली म्हंजे?" म्हातारी म्हणाली. "वढ्यात भिजली म्हनून! ह्यो काय सांगून राहिला तुमाला?"

बाईंनी ते सांगितलं. म्हातारी पोट धरून हसली. मग हसू ओसरलं आणि ती त्या चपलेकडे बराच वेळ बघत राहिली. बाईंनी पान खोडलं, वाटाड्याही खोडला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच रानात तोच कळप बसला होता. ओढा ठणठणीत कोरडा, तरी बाभळीवर चप्पल.

"भिजली काय, माय?"

"न्हाई रं. आमच्यात टांगतेतच. मेंढरू चुकत न्हाई."

"कवापासून?"

"पहिल्यापासून," म्हातारी म्हणाली आणि चपलेचं तोंड बोटभर नीट केलं.

त्याच दिवशी मी बाईंना पोस्टकार्ड टाकलं: मॅडम, खोडलेलं पान खरं झालंय. लवकर या, आणि या खेपेला मला नाही, म्हातारीला विचारा.